लेखांक ४ : आगोट

कोकणात वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या काळात वहाळांना पाणी येऊन वाड्या एकमेकींपासून तुटतात, लाकूड पेटत नाही, घरातले मीठही पाघळते. त्यामुळे चार महिने पुरेल एवढे सगळे आधीच घरात आणून ठेवावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस पावसाच्या तोंडाशी येणारा हा तयारीचा काळ म्हणजे आगोट. इथला पाऊस प्रचंड असला तरी बिनभरवशाचा नाही, म्हणूनच तारखा धरून केलेली ही तयारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

पहिले काम छपराचे. जुन्या घरांवर अर्धगोल नळे असत. ते एकमेकांत अडकत नाहीत, नुसते एकावर एक टेकलेले असतात. त्यामुळे वारा, माकडे आणि झाडावरून पडणारे आंबे यांनी ते दरवर्षी सरकत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे खाच असलेले मंगलोरी कौल किनाऱ्याने वर पसरले. हे कौल रिपेला अडकते आणि शेजारच्या कौलात बसते. पण तेही दोन-तीन वर्षांनी परतावेच लागते. परतणे म्हणजे कौले उतरवून वासे आणि रिपा उघड्या करणे, खाचांत साचलेला पालापाचोळा आणि शेवाळ झाडणे, वाळवी लागलेली रीप बदलणे आणि मग पागोळीकडून आढ्याकडे कौले पुन्हा चढवत नेणे. जाणता माणूस कौलावर पाय देत नाही. खालचा वासा हेरून त्याच रेघेत वजन टाकतो. पाऊस लागल्यावर हे काम होत नाही, कारण शेवाळलेल्या छपरावर पाय ठरत नाही. श्रावणात गळती लागलीच तर माळ्यावर चढून आतल्या बाजूने फटीत पत्र्याचा तुकडा किंवा पोफळीची विरी सरकवतात आणि दसऱ्यापर्यंत दिवस काढतात.

अंगणातला मांडवही याच दिवसांत उतरतो. त्याची झापे टाकून देत नाहीत. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या त्या अंगाला तीच झापे बांधून कूड उभा करतात. जांभ्याचा दगड पाणी शोषतो; उघड्या भिंतीवर झोड बसली तर ती आतपर्यंत ओली होते आणि महिनोन्‌महिने सुकत नाही.

या उलाढालीत एक धोका ठरलेला असतो, तो लाल विंचवाचा. कौलांखाली आणि लाकडांच्या राशीत तो उन्हाळाभर दडलेला असतो आणि हात लागताच डंख मारतो. महाडच्या परिसरात अशा रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या विषावर उपयोगी पडते हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. तोवर विंचूदंशाने, विशेषतः लहान मुलांचे, बरेच मृत्यू होत.

घरातली बेगमी मुख्यतः बायकांच्या हातची. सुकट, बोंबील, सोडे, खारवलेले मासे, आमसुले, फणसपोळी, आंब्याची साठे, कुळथाचे पीठ, पापड, मिरचीची भुकटी हे सगळे एप्रिल-मेच्या उन्हात तयार होते. यातल्या बहुतेक पदार्थांना कडक ऊन लागते आणि ते मिरग (मृग नक्षत्र) लागल्यावर मिळत नाही, त्यामुळे आठवडाभराचा उशीरही वर्षभर नडतो. सुकी मासळी चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. धुराने ती कोरडी राहते आणि किडे लागत नाहीत. गॅस आल्यापासून तो धूर गेला आणि मासळी प्लास्टिकच्या डब्यांत गेली. सोय झाली खरी, पण डब्यात एकदा दमट हवा शिरली की बुरशी लवकर धरते. गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात आणि तिच्यासाठी मे महिन्यात खास बाजार भरतात. गुरांचा पेंढा, शेणी आणि लाकूडफाटाही याच सुमारास आडोशाला जातो.

शेताची तयारी त्याहून आधी सुरू झालेली असते. जिथे भाताचे रोप करायचे तिथे शेण, झाडांचा कवळ, गवत आणि वर मातीचा थर पसरून भाजतात. हा राब. त्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. मात्र कवळासाठी दरसाल झाडे ओरबाडली जातात, म्हणून कृषी खाते राबाऐवजी गादीवाफ्यावर रोप करायला सांगते. सल्ला रास्त आहे. तरी राब टिकून आहे, कारण त्याला पैसा लागत नाही आणि बेणणीची मजुरी वाचते. काही शेतकरी पावसाची वाट न पाहता रोहिणी नक्षत्रातच कोरड्या मातीत बी टाकतात. या धूळवाफेच्या पेरणीत आठ-दहा दिवस हाती लागतात. पहिल्या सरीनंतर पावसाने दडी मारली तर बी वाया जाते.

पावसाचा हिशेब नक्षत्रांवर चालतो. मृग ७ जूनच्या आसपास लागते, पुढे प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासवांचा आणि पूर्वाचा सुनांचा. ही नक्षत्रे सूर्याच्या ताऱ्यांमधल्या जागेवर ठरतात, ऋतूवर नाही. त्यामुळे त्यांच्या तारखा सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतात. शेतकऱ्याच्या एका आयुष्यात हा फरक जाणवण्याजोगा नाही.

जुलैत लावणी. तिच्यासाठी छत्री कुचकामी, कारण दोन्ही हात रोपात गुंतलेले असतात. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले इरले डोक्यावर टेकते आणि पाठीवरून कमरेखाली उतरते. वाकलेल्या माणसाची पाठ कोरडी राहते आणि हात मोकळे. आता त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. तो स्वस्त आणि हलका, पण वाऱ्यात फडफडतो आणि आत घाम साचतो. साचलेल्या पाण्यात अनवाणी काम केल्याने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायाला जखम असताना चिखलात उतरू नये.

समुद्रावर या काळात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. हा माशांच्या विणीचा हंगाम आहे.

ही सगळी घडी तारखांवर बसलेली असल्याने हवामान वेळ सोडून आले की ती विस्कटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे एका दुपारीने कित्येक वर्षांची मिळकत नेली. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यालगत सरकले, तेव्हा हापूस अजून झाडावर होता. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. तिथली सरासरी तारीख ११ जून, म्हणजे आगोटीचे सोळा दिवस गेले.

पावसाळ्याचे दुसरे टोकही असेच नडते. कापलेले भात भारे बांधण्याआधी दोन-चार दिवस शेतातच वाळत पडते. त्यावर पाऊस आला तर दाण्याला मोड येतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसाने नेमके हेच झाले. वरकस जमिनीत लवकर येणारे हळवे आणि सखल, पाणथळ शेतात उशिराचे गरवे ही जुनी वाटणी सगळे पीक एकाच पावसात सापडू नये यासाठी उपयोगी पडते. पण हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा बदलल्या आणि मुंबईतून तो परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. हळवे भात बहुतेक ठिकाणी त्याआधीच कापणीला येते.