दोन वेळची प्रार्थना

मे १९२७. लाहोरला रेल्वे पोलिसांच्या कोठडीत एकोणीस वर्षांचा एक तरुण महिनाभर डांबलेला होता. काकोरीच्या रेल्वे-लुटीच्या कटाची माहिती दे, तुला सोडून देऊ. नाहीतर दसऱ्याच्या गर्दीत फुटलेल्या बॉम्बचा खटला तुझ्यावर भरू आणि फासावर चढवू, असा दम त्याला मिळाला. त्याच दिवसापासून काही पोलीस अधिकारी त्याच्या मागे लागले की, दोन्ही वेळा देवाची प्रार्थना करत जा.

भगतसिंग तोवर नास्तिक झाले होते. पण सुखाच्या दिवसांत देव नाकारणं वेगळं आणि फास समोर दिसत असताना नाकारणं वेगळं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी बराच विचार केला. प्रार्थना केली नाही.

हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. ऑक्टोबर १९३० मध्ये, त्यांच्यावरच्या लाहोर कटाच्या खटल्याचा निकाल आठवड्याभरावर आला असताना, त्यांनी तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ हा इंग्रजी निबंध लिहिला. प्रसिद्धी डोक्यात गेल्यामुळे हा मुलगा देव मानत नाही, असं काही जवळचे लोकही म्हणत होते. तो आरोप त्यांच्या मनाला लागला होता. म्हणून आपली श्रद्धा कधी आणि कशी गेली, याचा त्यांनी काळ-वेळेसह हिशेब मांडला.

आजोबा आर्यसमाजी. वडील उदार मनाचे, पण आस्तिक. रोज प्रार्थना कर म्हणून सांगणारे. लाहोरच्या डीएव्ही शाळेच्या वसतिगृहात सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेशिवाय हा मुलगा तासन्‌तास गायत्री मंत्र जपत असे. असहकाराच्या दिवसांत तो नॅशनल कॉलेजात गेला आणि धर्माविषयी वाद घालू लागला. शीख रीतीप्रमाणे केस राखलेले होते, पुराणकथांवरचा विश्वास मात्र उडाला होता. देव आहे, याबद्दल तेव्हाही शंका नव्हती. धर्म आधी सुटला आणि देव बऱ्याच उशिराने, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

क्रांतिकारकांच्या गटात आल्यावर नास्तिक होणं सोपं गेलं असेल, असं वाटू शकतं. तसं नव्हतं. ज्येष्ठ नेते शचींद्रनाथ सान्याल कट्टर आस्तिक होते आणि काकोरीचे वीर प्रार्थना करतच फासावर गेले. काकोरीनंतर बहुतेक नेते तुरुंगात गेले, जबाबदारी तरुणांवर आली आणि भगतसिंगांनी अभ्यासाला वाहून घेतलं. बाकुनिन, मार्क्स, लेनिन वाचले. ‘कॉमन सेन्स’ नावाचं एक पुस्तकही हाती आलं. ते निरालंब स्वामींचं, असं ते लिहितात. खरं तर ते सोहं स्वामींचं आणि निरालंबांची त्याला प्रस्तावना. हे निरालंब स्वामी म्हणजे अरविंद घोषांच्या मदतीने बडोद्याच्या फौजेत शिरलेले जुने क्रांतिकारक जतींद्रनाथ बॅनर्जी. देव न मानणारा हा विचार एका संन्याशाच्या लेखणीतून आला होता! १९२६ अखेर भगतसिंगांची खात्री पटली.

निबंधातला सर्वांत धारदार भाग पूर्वजन्मीच्या कर्माविषयी आहे. गरिबाच्या किंवा अस्पृश्याच्या घरी जन्मलेलं मूल मागच्या पापांची शिक्षा भोगतं, असं मानलं तर त्याला शाळेबाहेर ठेवणारा समाज आपोआप निर्दोष ठरतो. भगतसिंगांनी नेमकं हेच पकडलं. त्यांचा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा नव्हता, न्यायाचा होता. म्हणूनच तो आजही टोचतो.

श्रद्धा गमावण्याची किंमत त्यांनी लपवली नाही, आणि हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. देवावर विश्वास असला की दुःख हलकं होतं, संकटात आधार मिळतो, असं ते मोकळेपणाने मान्य करतात. हिंदूला पुनर्जन्मात राजा होण्याची, मुसलमानाला आणि ख्रिश्चनाला स्वर्गसुखाची आशा असते. आपल्या बाबतीत गळ्याला फास बसला आणि पायाखालची फळी सरकली की सारं संपलं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. शेवटचे दिवस आले की तूही देव मानू लागशील, असं एका मित्राने म्हटलं. त्यांनी ठाम नकार दिला. तसं करणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

७ ऑक्टोबर १९३० रोजी फाशीची शिक्षा जाहीर झाली आणि २३ मार्च १९३१ रोजी राजगुरू व सुखदेव यांच्यासह त्यांना फाशी देण्यात आली. निबंध लाहोरच्या ‘द पीपल’मध्ये छापून आला तो २७ सप्टेंबर १९३१ ला. पुढे काही वर्षांतच समाजसुधारक पेरियार यांच्या सांगण्यावरून पी. जीवानंदम यांनी तो तमिळमध्ये आणला. त्यासाठी जीवानंदम यांना तुरुंगात जावं लागलं.