जुने पेरणी-यंत्र निवडताना

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मका निघाल्यावर शेत उघडे राहिले, तर पावसाने व वितळत्या बर्फाने माती वाहून जाते. म्हणून तेथे राय हे आच्छादन-पीक पेरतात. त्यासाठी जुने पेरणी-यंत्र घेताना रंगास भुलू नये. आपल्या पाभरीत बी मुठीने सोडतात. या यंत्रात चाकाबरोबर फिरणारे खाचांचे रूळ ते मोजून सोडतात. माती चिरणाऱ्या चकत्या झिजल्या असतील, तर बी वरच पडून नीट उगवत नाही. क्लोव्हरही पेरावयाचे असेल, तर त्याच्या बारीक बियांसाठी निराळी पेटी हवी. अखेरीस चाक उचलून ठराविक फेरे फिरवावेत आणि प्रत्येक नळीतील बी वेगवेगळे तोलावे. एखाद्या नळीचे वजन कमी भरले, तर रूळ झिजला आहे किंवा नळी तुंबली आहे असे समजावे. हा दोष तसाच राहिला, तर शेतात तेवढी ओळ उघडी पडेल आणि माती तेथूनच वाहू लागेल.