धावलेले अंतर नेमके किती?

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्याने धावताना दिसतात. त्याच रस्त्यावर मधुमेह, रक्तदाब असलेली पन्नाशीतली मंडळी चालत असतात. अनेकांच्या मनगटावर आता अंतर मोजणारे घड्याळ असते. "डॉक्टरसाहेब, माझे घड्याळ पाच किलोमीटर दाखवते, मित्राच्या बुटावरचे यंत्र चार किलोमीटर आठशे मीटर. आम्ही तर बरोबरच धावलो. खरे कोणते?" असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. उत्तरासाठी ही यंत्रे अंतर कसे मोजतात, हे आधी पाहू.

घड्याळ कसे मोजते?

जीपीएस घड्याळ आपली पावले मोजत नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह रेडिओ संदेश पाठवतात. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून घड्याळ उपग्रहापर्यंतचे अंतर काढते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपली जागा ठरते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतात. त्यामुळे वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. इतके नाजूक गणित असूनही मोकळ्या आकाशाखाली जागा काही मीटरांच्या फरकाने बरोबर येते.

उंच इमारतीवर आपटून किंवा दाट झाडीतून संदेश आला, तर मात्र घड्याळ आपल्याला रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवते. सरळ धावूनही नोंदलेली वाट नागमोडी होते आणि अंतर वाढते. वळणावर उलटे घडते. घड्याळ ठरावीक वेळाने जागा टिपते आणि त्या जागा सरळ रेषेने जोडते. त्यामुळे वळण कापले जाते आणि अंतर घटते. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल, तर जागा आणखी कमी वेळा टिपली जाते आणि ही चूक वाढते.

फूट पॉड कसा मोजतो?

फूट पॉड म्हणजे बुटाच्या नाडीत अडकवायची लहानशी डबी. पाऊल कसे उचलले, किती झपाट्याने पुढे गेले, केव्हा टेकले, हे तिच्यातला संवेदक टिपतो. त्यावरून प्रत्येक पावलाची लांबी काढून बेरीज होते. उपग्रहाची गरज नसल्याने तो झाडांखाली, बोगद्यात आणि ट्रेडमिलवरही चालतो. वेग बदलला की त्याला पटकन कळते. घड्याळातला वेग मात्र काही सेकंद मागे राहतो.

पण प्रत्येकाची चाल निराळी. नवा पॉड सर्वसाधारण माणसाचा अंदाज धरून चालतो, तो आपल्याला लागू पडेलच असे नाही. बूट बदलले, डबी सैल बसली किंवा धावणारा चालू लागला, तरी फरक पडतो.

दोन प्रकारच्या चुका

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखादा वजनकाटा रोज एक किलो जास्त दाखवत असेल, तर तो दुरुस्त करता येतो. पण आज एक किलो जास्त आणि उद्या एक किलो कमी दाखवणाऱ्या काट्याचे काय करणार? पॉडची चूक बहुधा पहिल्या प्रकारची असते, तर झाडी-इमारतींमध्ये घड्याळाची चूक दुसऱ्या प्रकारची.

म्हणून पॉड एकदा तपासून घ्यावा. ४०० मीटरच्या मैदानावर सर्वांत आतल्या लेनमधून, नेहमीच्या वेगाने चार फेऱ्या माराव्यात. हे १६०० मीटर झाले. बाहेरच्या लेनमध्ये धावू नये. प्रत्येक लेनला फेरीमागे सात मीटरहून अधिक अंतर वाढते. समजा पॉडने १५४० मीटर दाखवले. १६०० भागिले १५४० म्हणजे १.०३९. पॉडमधला आधीचा गुणक १ असेल, तर त्याजागी हा आकडा भरावा. बूट बदलल्यावर पुन्हा तपासावे.

फरकाने काय बिघडते?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि गुण वेळेवर असतात. घड्याळ तीन टक्के जास्त दाखवत असेल, तर १६०० मीटरचा सराव प्रत्यक्षात सुमारे ४८ मीटर कमी होतो. सेकंदाला पाच मीटर धावणाऱ्याला तेवढे अंतर कापायला जवळजवळ दहा सेकंद लागतात. घरी साधलेली वेळ मैदानावर साधत नाही, आणि मुलाला वाटते की आपली ताकद ऐनवेळी कमी पडली. म्हणून सराव कुठेही करा, पण वेळ लावायची ती मोजलेल्या मैदानावरच.

हृदय आणि फुप्फुसाच्या रुग्णांसाठी आम्ही डॉक्टर सहा मिनिटे चालण्याची चाचणी वापरतो. तीही खुणा केलेल्या, साधारण ३० मीटरच्या सरळ मार्गिकेत घेतात. उपचारांनी रुग्ण सहा मिनिटांत सुमारे ३० मीटर जास्त चालू लागला, तर ती खरी सुधारणा धरतात. चारशे मीटर चालणाऱ्याच्या बाबतीत हा फरक साडेसात टक्के होतो. एवढी चूक घड्याळातच असली, तर सुधारणा झाली की नाही हे कळणारच नाही.

मग घ्यावे काय?

मोकळ्या रस्त्यावर लांब चालणाऱ्या-धावणाऱ्याला घड्याळ पुरेसे आहे. सुरू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत थांबावे, मगच निघावे. ट्रेडमिलवर, झाडीत किंवा वेगातले चढउतार साधायचे असतील, तर तपासलेला फूट पॉड बरा. केवळ आरोग्यासाठी चालणाऱ्याने दोन्हींवर खर्च केला नाही तरी चालेल. त्याने रोजचा वेळ मोजावा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग ठेवावा.

आणि एक कळकळीची सूचना. छातीत दुखणे, घाम फुटणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर राहिलेले दोनशे मीटर पुरे करण्याच्या नादी लागू नका. जागीच थांबा, सोबत्याला हाक मारा आणि लगेच दवाखाना गाठा.