पहाटे चारची अडचण

सर्व्हर सांभाळणाऱ्यांची रात्री दोन ते चार ही हक्काची वेळ. ग्राहक झोपलेले असतात. यंत्र बंद करा, हवे ते बदला, पुन्हा सुरू करा, सकाळी कुणाला पत्ताही लागत नाही. बहुतेक शहरांत हा हिशेब जमतो, उज्जैनला जमत नाही. महाकालेश्वराची भस्म आरती पहाटे चारच्या सुमाराला असते, तिची रांग त्याच्या कितीतरी आधी लागते आणि नोंदणी ऑनलाइन असल्यामुळे दाराशी प्रत्येकाचे नाव पडताळावे लागते. म्हणजे देखभालीची वेळ तीच गर्दीची वेळ. श्रावणात दरवाजे आणखी लवकर उघडतात, आणि उज्जैनचा श्रावण तसा दीड महिन्याचा. उत्तरेकडचा पौर्णिमान्त महिना पंधरा दिवस आधी सुरू होतो, पण शिंदेशाहीच्या परंपरेने महाकालाच्या सोमवारच्या सवाऱ्या मराठी पंचांगातला श्रावण सरेपर्यंत, तिथल्या भाषेत भाद्रपदातही, निघत राहतात. त्याच मंदिराच्या वरच्या मजल्यावरचे नागचंद्रेश्वराचे देऊळ तर वर्षातून फक्त नागपंचमीला चोवीस तास उघडते. अशा गावात ‘तासभर सेवा बंद राहील’ ही सूचना कधी लावायची, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे.

सर्व्हर बंद करण्याची पाळी बहुधा एका क्षुल्लक कारणाने येते: डिस्क भरते. डिस्क भरली की यंत्र धडधाकट असूनही बसते. डेटाबेस नवी नोंद घेत नाही, लॉग लिहिता येत नाही, लॉग लिहिता येत नाही म्हणून प्रोग्रॅम अडकतो. आणि डिस्क भरते ती नेमकी कामाच्या घाईत, कारण लिहिले जाते तेव्हाच जास्त. उज्जैनचा २०१६ चा सिंहस्थ कुंभमेळा २२ एप्रिल ते २१ मे असा महिनाभर चालला. ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले, माणसे दगावली. अशा दिवशी नियंत्रण कक्षात तक्रारी, हरवलेल्यांची नावे, रुग्णवाहिकांच्या नोंदी यांचा पूर येतो, आणि त्याच दिवशी सर्व्हर दहा मिनिटे बंद ठेवणे कुणालाही परवडणारे नसते. पुढे स्मार्ट सिटी योजनेत भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, सागर, सतना आणि उज्जैन या सात शहरांसाठी भोपाळला क्लाउडवरचे एकच सामायिक केंद्र उभारण्याचे काम २०१८ मध्ये हाती घेतले गेले. क्लाउडवरचा सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीन, लोखंडी पेटीत चालणारे कल्पित यंत्र. चालत्या सर्व्हरला जागा वाढवून देण्याची खरी सोय इथूनच सुरू होते.

व्हर्च्युअल मशीन ज्याला आपली डिस्क समजते, ती बहुधा खालच्या साठ्यातली एक मोठी फाइल असते. म्हणून ‘नवी डिस्क लावा’ याचा अर्थ पेचकस घेऊन पेटी उघडणे असा नसून, ही कल्पित यंत्रे चालवणाऱ्या हायपरव्हायजरने आणखी एक फाइल तयार करून ती यंत्रासमोर धरणे एवढाच. लिनक्स चालत असेल तर पुढचे काम पाच ओळींचे. स्कझी जोडणीवर नवीन कुणी आले आहे का, हे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पाहायला लावायचे. त्यासाठी त्या जोडणीच्या ‘स्कॅन’ नावाच्या फाइलमध्ये तीन आडव्या रेघा लिहितात. चॅनल कुठलाही, टार्गेट कुठलेही, लन कुठलाही, म्हणजे डिस्कच्या पत्त्याचे तिन्ही भाग कुठलेही असोत, असा त्या तीन रेघांचा अर्थ. नवी डिस्क दिसली की ‘पीव्हीक्रिएट’ने तिच्यावर खूण करायची, ‘व्हीजीएक्स्टेंड’ने ती साठ्याच्या गटात घालायची, ‘एलव्हीएक्स्टेंड’ने गटातली जागा हव्या त्या भागाला द्यायची आणि शेवटी फाइल सिस्टिमला सांगायचे की तुझी हद्द वाढली, ईएक्सटी४ असेल तर ‘रिसाइझटूएफएस’, एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस ग्रोएफएस’. या सगळ्या वेळात डेटाबेस लिहितच असतो. त्याला कळते ते इतकेच, की मघाशी संपत आलेली जागा आता संपत आलेली नाही.

पण या पाच ओळींमधला अर्धा पराक्रम डिस्क जोडली त्या दिवशीचा नसतोच. तो यंत्र प्रथम बसवले त्या दिवशीचा असतो. डिस्क आणि फाइल सिस्टिम यांच्यामध्ये एलव्हीएम नावाचा एक थर असतो. हाइन्झ माउएलशागेन यांनी १९९८ मध्ये तो लिनक्ससाठी लिहिला, एचपीच्या युनिक्समधल्या अशाच थराच्या धर्तीवर. तो डिस्कचे सहसा चार-चार मेगाबाइटचे तुकडे पाडतो आणि कुठला तुकडा कुणाचा याचा तक्ता ठेवतो. फाइल सिस्टिमला सलग जागा दिसते. प्रत्यक्षात ती दोन-तीन डिस्कवर विखुरलेली असेल. हा थर नसेल आणि कुणी सरळ पार्टिशन पाडून, त्याच्या मागे स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायची जागा, ठेवून मोकळा झाला असेल, तर डिस्क कितीही वाढवा, मधली स्वॅपची भिंत आडवी येते. जुन्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता असेल तर दोन टेराबाइटपाशी गाडी थांबते, कारण त्यात सेक्टरचा क्रमांक बत्तीस बिटांपुढे लिहिताच येत नाही. व्हीएमवेअरवर यंत्राचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला असेल, तर तो काढेपर्यंत डिस्क वाढवू दिली जात नाही. तेव्हा न थांबता जागा वाढवणे हे अडचणीच्या वेळचे कौशल्य आहे असे मानणे चूक आहे. ते बांधणीचे लक्षण आहे, आणि निविदेत ते लिहिले नसेल तर ऐन वेळी कितीही हुशार माणूस बसवला तरी त्याचा उपयोग नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सिंहस्थाची तारीख बारा वर्षे आधी ठाऊक असते, मग डिस्क आधीच मोठी का घेऊ नये? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. तारीख ठाऊक असते, प्रमाण ठाऊक नसते. सेकंदाला चार मेगाबिट वेगाने चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट भरतो, म्हणजे तीस दिवसांत १.३ टेराबाइट. हे चित्रण एरवी वेगळ्या साठ्यात जाते, पण तर्क तोच राहतो. एखादी दुर्घटना घडली आणि तीसऐवजी साठ दिवसांचे चित्रण जपा असा आदेश निघाला, तर एका कागदाने गरज दुप्पट होते. शिवाय सगळे आधीच मोठे घेतले तर अकरा वर्षे रिकाम्या जागेचे पैसे भरत बसावे लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: जागा वाढवणे इतके सोपे झाले की जागा का भरली हे कुणी विचारत नाही. पुष्कळदा दोष निष्काळजीपणाचाच असतो. वर्षभराचे लॉग कुणी आवरलेले नसतात. किंवा मोठी फाइल पुसलेली असते, पण चालू प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरलेली असते. मग यादीत ती दिसत नाही आणि जागाही सुटत नाही. अशा ठिकाणी नवी डिस्क म्हणजे दोषावर पांघरूण. आणखी एक धोका खालच्या थरात आहे. प्रत्येक यंत्राला कागदावर भरपूर जागा देऊन प्रत्यक्षात लागेल तशी पुरवायची, ही थिन प्रोव्हिजनिंगची पद्धत. वरच्या यंत्रांना जागा उदारपणे वाढवत गेलो आणि खालचा साठाच संपला, तर एक सर्व्हर नव्हे, त्या साठ्यावरचे अनेक एकदम अडकतात. सात शहरांचा साठा सामायिक असेल तर हे अधिकच लक्षात ठेवायला हवे. म्हणून मी जागा वाढवण्याच्या बाजूने आहे, पण आधी दहा मिनिटे शोध घेण्याच्या अटीवर.

रीबूट टळतो असेही समजू नये. नवी डिस्क वेगळी माउंट केली आणि यंत्र सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये तिची ओळ घातली नाही, तर यंत्र महिनोन्‌महिने सुरळीत चालते आणि पुढच्या रीबूटला ती डिस्क गायब होते. ओळ घातली पण तीत यूयूआयडी या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाऐवजी ‘एसडीबी’सारखे नाव लिहिले, तर क्रम बदलला की चुकीची डिस्क त्या जागी येते किंवा यंत्र उठतच नाही. चूक मार्चमधली, फळ सप्टेंबरमध्ये, आणि तोवर ती करणारा माणूस दुसऱ्या कंपनीत. त्यावर उपाय म्हणजे रीबूट टाळणे नव्हे. आपण निवडलेल्या निवांत दिवशी तो मुद्दाम करून पाहणे. चालू यंत्राला डिस्क जोडण्याचा खरा फायदा हाच, की संकटाची वेळ आणि रीबूटची वेळ एकमेकांपासून सुटतात.

पुढचा सिंहस्थ नाशिकला, त्याच्या पाठोपाठ २०२८ मध्ये उज्जैनला. दोन्हीकडच्या व्यवस्थापकांनी एक गोष्ट आधी ठरवायला हवी: मेळ्यासाठी वाढवलेली जागा नंतर परत कशी घ्यायची. ईएक्सटी४ लहान करायची तर ती उतरवावी लागते, म्हणजे सेवा बंद. एक्सएफएस १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सने बनवली ती वाढण्यासाठीच. तिला लहान करण्याची वापरण्याजोगी सोय आजही नाही, सगळा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. क्षिप्रेकाठचे मंडप महिन्याने उतरवून शेते मोकळी करता येतात, तशी मुख्य भागात मिसळलेली डिस्क मोकळी करता येत नाही. म्हणून मेळ्यापुरत्या नोंदींसाठी वेगळी डिस्क, वेगळा गट आणि वेगळा माउंट ठेवावा. मेळा संपला की नोंदी अभिलेखात टाकून तो माउंट उतरवायचा, ‘एफएसटॅब’मधली ओळ काढायची आणि डिस्क सोडवून घ्यायची. हेही यंत्र न थांबवता होते.