अर्धी वेल आपण काढायची

लग्नपत्रिका, भीमजयंतीचा फ्लेक्स, मंडळाचे पावतीपुस्तक यांच्या कडेने जी वळणावळणाची वेलबुट्टी असते, तिच्याकडे एरवी आपले लक्ष जात नाही. बिघडली की मात्र ती लगेच डोळ्यांत खुपते. डावीकडची वेल फुगलेली, उजवीकडची रोडावलेली, धम्मचक्राच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या झालेल्या, असे फलक १४ एप्रिलला नाक्यानाक्यावर दिसतात. ते लावणाऱ्यांची श्रद्धा कमी नसते, तंत्र कमी पडते. हे तंत्र दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना शिकता येते, त्यासाठी महागडी फी लागत नाही, आणि त्यावर चार पैसेही मिळतात. म्हणून आज त्याविषयी.

संगणकावर चित्र दोन प्रकारे साठवले जाते. फोटो म्हणजे ठिपक्यांची रास. मोबाईलवरचे लहान चित्र दहा फुटांच्या फ्लेक्सवर ताणले की तेच ठिपके चौकोन होऊन दिसू लागतात. दुसरा प्रकार व्हेक्टरचा. त्यात संगणक रेषेचे गणित जपून ठेवतो. त्यामुळे पत्रिकेच्या कोपऱ्यातली वेल कमानीएवढी केली तरी तिची कड फाटत नाही. वक्ररेषेचे हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले. फ्रान्समधील रेनॉ कंपनीचे अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याची वळणे आखण्यासाठी ते वापरात आणले, आणि अशा रेषेला आज त्यांचेच नाव आहे. १९८९ साली कोरल ड्रॉ आले आणि पुढे आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत रुळले. ते विकत घ्यावे लागते. इंकस्केप हा प्रोग्रॅम मात्र २००३ पासून सर्वांना मोफत आहे. चोरून मिळवलेल्या कॉपीच्या मागे लागण्याचे कारण नाही.

दोन्ही बाजू सारख्या असलेली नक्षी आपल्या माताभगिनींना नवी नाही. पताका कातरताना कागदाची घडी घालतात, अर्धेच पान कापतात आणि घडी उलगडली की पुरे पान हाती येते. संगणकावरही हेच करायचे असते. आपण अर्धी वेल काढायची, उरलेली अर्धी संगणक देतो.

आधी वेल कागदावर पेन्सिलीने काढावी. पडद्यावर मधोमध एक उभी रेषा ठेवावी आणि तिच्या एकाच बाजूला पेन टूलने बिंदू देत जावे. बिंदू देताना माऊस न सोडता ओढला की दोन्ही बाजूंना दांड्या निघतात. दांडी ज्या दिशेला, त्या दिशेला रेषा वळते. नवशिके बिंदूंची गर्दी करतात आणि वेल खडबडीत होते. पूर्ण वर्तुळालासुद्धा चारच बिंदू पुरतात, तेव्हा दांडीची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट असते. बिंदू शक्यतो वळण जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचते तिथेच द्यावा.

अर्धी वेल मनासारखी झाली की ती निवडून कंट्रोल आणि डी दाबावे, नक्कल तयार होते. एच दाबले की नक्कल आरशातल्यासारखी उलटते. ती सरकवून मधल्या रेषेला भिडवावी, दोन्ही टोकांचे बिंदू निवडून शिफ्ट आणि जे दाबावे. वेल अखंड होते.

खरी कसोटी या जोडावर असते. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून पुस्तकांत आले आहे. तेथील एका घरी थोरल्या मुलाच्या मंगल परिणयाची पत्रिका करायची होती. दुकानातल्या तयार नक्षीत कलश होता, मोर होता, पिंपळपान नव्हते. बारावी झालेल्या बहिणीने ते स्वतः काढायला घेतले. दोन रात्री आम्ही शेजारी बसून पाहत होतो. वळणे सुरेख येत होती, पण जोडावर दर वेळी एक टोक उठत होते. पताका कातरण्यात हयात घालवलेली आजी मागून म्हणाली, "बाय, घडीजवळ कातर सरळ गेली का बघ." मुलीने मधल्या रेषेजवळची दांडी त्या रेषेशी काटकोनात फिरवली आणि टोक नाहीसे झाले. पत्रिका छापून आल्यावर वडिलांनी मजकूर वाचण्याआधी कोपऱ्यावरून बोट फिरवले. दुकानदाराने तिच्याकडून आणखी दोन कोपरे काढून घेतले, आणि त्याचे पैसे दिले.

नमुन्यांसाठी लांब जाण्याची गरज नाही. साँचीच्या तोरणावरील आडव्या तुळयांची दोन्ही टोके वेटोळ्यांत संपतात. दादरच्या चैत्यभूमीला ६ डिसेंबरला जाणारे लोक त्या तोरणाची प्रतिकृती प्रवेशद्वाराशी पाहतात. भारहुतच्या दगडी कठड्यावर कमळवेल नागमोडी धावते. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ च्या छतावर वर्तुळात वर्तुळ घेऊन फुलापानांची नक्षी रंगवली आहे. वहीत त्यांची रेखाटने करावीत, डोळा तयार होतो.

धम्मचक्रही असेच करावे. एकच आरा नीट काढावा, त्याचा फिरण्याचा मध्य चक्राच्या मध्यावर ठेवावा आणि १५ अंशांनी फिरवत नकला घ्याव्यात. राष्ट्रध्वजावरील चक्राचे २४ आरे बरोबर ३६० अंशांत बसतात. दुकानात फाईल देण्याआधी अक्षरांचे रेषेत रूपांतर करावे, म्हणजे तिथे तो फाँट नसला तरी मजकूर बिघडत नाही. मूळ फाईल मात्र वेगळी जपून ठेवावी, नाहीतर एखादे नाव दुरुस्त करणे अवघड होते.

अनेक समाजमंदिरांत एखादा संगणक हिशेबापुरता उघडतो आणि एरवी झाकलेला असतो. मे महिन्याच्या सुटीत रोज एक तास तो मुलामुलींच्या हाती द्यावा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक कागद आणि कातर द्यावी, माऊस दुसऱ्या दिवशी.