कॉल्विन रन मिल : व्हर्जिनियातली चालती पाणचक्की

वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला, व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत ग्रेट फॉल्स नावाचे गाव आहे. टायसन्स या उपनगरातल्या काचेच्या उंच इमारती मागे पडल्या, की लीसबर्ग पाइक या जुन्या हमरस्त्यालगत झाडीत विटांची एक उंच इमारत दिसते आणि तिच्या बाजूला लाकडी चाक. ही कॉल्विन रन मिल. १८११ च्या सुमारास बांधलेली ही पिठाची गिरणी आजही पाण्यावर चालते आणि तिच्यात आजही गहू आणि मका दळला जातो. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. गिरणी, गिरणीवाल्याचे घर, गोठा आणि भोवतालची हिरवळ हे सारे या जिल्ह्याच्या उद्यान विभागाच्या ताब्यात आहे.

व्हर्जिनियात ‘रन’ म्हणजे ओढा. कॉल्विन रन हा ओढा पुढे डिफिकल्ट रनला मिळतो आणि डिफिकल्ट रन पोटोमॅक नदीला. ओढे लहान, पण इथल्या जमिनीला उतार आहे, आणि पाणचक्कीला ओढ्याच्या आकारापेक्षा उतारच जास्त लागतो. जॉर्ज वॉशिंग्टन जमिनीचा मोजणीदार म्हणून वाढलेला माणूस. १७९९ च्या मृत्युपत्राला जोडलेल्या मालमत्तेच्या यादीत त्याने डिफिकल्ट रनवरच्या आपल्या जमिनीची नोंद करताना दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्या : जमीन मोठ्या रस्त्यावर आहे, आणि तिथे गिरणीजोगी मोक्याची जागा आहे. तो रस्ता अलेक्झांड्रियाच्या बंदरातून लीसबर्ग आणि विंचेस्टरकडे जाणारा.

रस्त्याचे आणि बंदराचे महत्त्व गव्हामुळे वाढले. व्हर्जिनियाचे जुने पीक तंबाखू. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू घेऊन जमिनीचा कस गेला, तेव्हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर व्हर्जिनियातले शेतकरी गव्हाकडे वळले. पुढे युरोपात लढाया पेटल्या आणि पिठाला मागणी आली. आतल्या भागातला गहू गाड्यांतून या रस्त्याने यायचा, वाटेतल्या गिरण्यांत दळला जायचा आणि १९६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ८९ किलोंच्या पिंपांत भरून पीठ अलेक्झांड्रियाला जायचे. कॉल्विन रनची गिरणी याच व्यापारासाठी बांधली गेली. आसपासच्या शेतकऱ्यांची घरगुती दळणेही इथे होत. त्यांची दळणावळ पैशांत नसे. गिरणीवाला धान्यातलाच ठरावीक वाटा काढून घेई. बलुत्याची पद्धत माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा व्यवहार परका वाटणार नाही.

पाहणाऱ्याने सुरुवात पाटापासून करावी. ओढ्याचे पाणी अडवून पाटाने आणायचे, पाट ओढ्याइतका उतरू द्यायचा नाही, म्हणजे गिरणीपाशी पोहोचेपर्यंत पाणी चाकाच्या माथ्याच्या उंचीवर राहते. शेवटचा टप्पा लाकडी पन्हळीचा. पन्हळीतून पाणी सुमारे २० फूट व्यासाच्या चाकावर वरून पडते आणि चाकाच्या खणांत साठते. भरलेल्या खणांच्या वजनाने चाक खाली झुकते, तळाशी खण रिकामे होतात, वर पुन्हा भरतात. चाक फिरते ते पाण्याच्या मारामुळे नव्हे, वजनामुळे. म्हणूनच एवढ्याशा ओढ्यावर हे काम भागते. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना इथला फरक लगेच कळेल. तिथे चाक आडवे आहे आणि दगड थेट त्याच्या आसावर फिरतो. इथले चाक उभे आणि संथ, मिनिटाला आठ-दहा फेरे घेणारे. दगडाला मात्र शंभरावर फेरे हवे असतात. मधली सगळी वाढ तळघरातली मोठी दातेरी चाके करतात. त्यांचे दाते लाकडाचे. काही अडकले तर एखादा दाता मोडतो, तो ठोकून काढून नवा बसवता येतो आणि बाकीचे चाक शाबूत राहते.

दगड पहिल्या मजल्यावर, लाकडी गोल पेटीत झाकलेले. रचना आपल्या जात्याचीच : खाली स्थिर तळी, वर फिरणारी पाळी. पण वरच्या दगडाचे वजन टनाच्या आसपास, आणि तो खालच्याला टेकत नाही. दोहोंत कागदाएवढी फट राहते. टेकले तर दगड झिजतात, पीठ करपते आणि ठिणगीही उडू शकते. हवेत पिठाचा धुरळा असताना ठिणगी म्हणजे स्फोटाला आमंत्रण. जात्यात वैरण घालणारा हात दाण्यांचा अंदाज ठेवतो. इथे ते काम दगडाच्या आसावरची एक चौकोनी दांडी करते. ती फिरताना धान्याच्या पन्हळीला टकटक ठोके देत राहते. दगड जोरात फिरला की ठोके वाढतात, दाणे जास्त पडतात. पाणी कमी झाले की वैरणही आपोआप कमी होते. या टकटकीवरून गिरणीवाल्याला दुसऱ्या मजल्यावरूनही दगडाची चाल कळते. पिठाची पारख मात्र हातानेच. नळीतून उतरणारे पीठ तो अंगठा आणि बोटांत चोळून पाहतो. जास्त कढत लागले, बुळबुळीत लागले, तर फट वाढवायची. रवाळ लागले तर कमी करायची.

व्यापारी पिठासाठीचे उत्तम दगड फ्रान्सहून येत. पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीच्या खोऱ्यात ला फेर्ते-सू-जुआर या गावाजवळ एक कठीण, सच्छिद्र गारगोटीचा दगड निघे. एकसंध मोठा तुकडा क्वचितच मिळे, म्हणून लहान तुकडे जोडून, वरून लोखंडी धावा तापवून चढवत. हा दगड कोंड्याचे पापुद्रे मोठे ठेवतो, त्यामुळे चाळल्यावर पीठ पांढरे निघते. तोही झिजतोच, आणि मग टाकी लावावी लागते. वरचा दगड लाकडी यारीने उचलून उलटा करायचा आणि पोलादी टोच्याने चर पुन्हा कोरायचे. चरांमुळे दाणा कापला जातो, हवा खेळते आणि पीठ मध्यापासून कडेला सरकते. ‘जात्याला टाकी’ अशी आरोळी देत दारोदार फिरणारे कारागीर महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला आठवत असतील. तिकडेही असे फिरते कारागीर होते, आणि त्यांच्या हातांवर उडालेल्या पोलादाच्या कणांचे काळे ठिपके कायमचे राहत.

गिरणीचे खरे वैशिष्ट्य दगडांच्या वरच्या मजल्यांवर आहे, आणि घाईत असलेले पाहुणे नेमके तेच सोडून परत फिरतात. ऑलिव्हर एव्हान्स हा १७५५ साली डेलावेअरमध्ये जन्मलेला यंत्रकार. त्याच्या काळी गिरणीत माणसे पोती पाठीवर घेऊन जिने चढत, ओले-गरम पीठ फावड्याने ओढत आणि त्याच पिठावरून चालत. एव्हान्सने ही सगळी ने-आण पाण्याच्याच बळावर सोपवली. पट्ट्यावर वाट्या बसवलेली उभी साखळी, अगदी रहाटगाडग्यासारखी, धान्य माळ्यावर चढवते. आडव्या नळीतले मळसूत्र ते पुढे ढकलते. साफ होऊन धान्य दगडांवर उतरते, दळलेले पीठ दुसऱ्या वाट्यांतून पुन्हा माळ्यावर जाते. तिथे बारा-एक फूट लांबीचे फिरते दाताळे पीठ जमिनीवर पसरते, निववते आणि हळूहळू मधल्या भोकाकडे ओढत नेते. पूर्वी हे काम एखादा पोऱ्या करी, म्हणून यंत्रालाही ‘हॉपर बॉय’ हेच नाव पडले. निवलेले पीठ रेशमी कापडाच्या लांब फिरत्या चाळणीत पडते. मैदा, जाडे पीठ आणि कोंडा वेगवेगळे होऊन खाली उतरतात.

एव्हान्सला १८ डिसेंबर १७९० रोजी मिळालेले पेटंट हे अमेरिकेने दिलेले तिसरे पेटंट. त्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनची सही होती, आणि पुढच्याच वर्षी त्याने माउंट व्हर्नॉन इथल्या स्वतःच्या गिरणीत ही यंत्रे बसवून घेतली. १७९५ साली एव्हान्सने गिरणी बांधणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले. ते अर्धशतकाहून अधिक काळ पुन्हापुन्हा छापले गेले आणि कॉल्विन रनसारख्या गिरण्या त्याच्याच पद्धतीने उभ्या राहिल्या. धान्य एका टोकाला घालायचे आणि दुसऱ्या टोकाला माल घ्यायचा, मध्ये हात लावायचा नाही, हा आजच्या कारखान्यांचा पाया आहे. तो लाकूड, चामडे आणि ओढ्याच्या पाण्यावर चालताना पाहायला मिळणे ही या स्थळाची सर्वांत मोलाची देणगी म्हणायला हवी.

१८८३ मध्ये गिरणी मिलार्ड कुटुंबाकडे आली. तोवर मिनियापोलिसमध्ये पोलादी रुळांच्या प्रचंड गिरण्या सुरू झाल्या होत्या आणि रेल्वेने त्यांचे स्वस्त पांढरे पीठ सगळीकडे पोहोचत होते. दगडी गिरण्यांना मग गावची दळणे आणि जनावरांचा भरडा एवढेच उरले. कॉल्विन रनची गिरणी १९३० च्या दशकात थांबली. तीसेक वर्षे ती बंद राहिली. १९६५ मध्ये काउंटीने ती विकत घेतली, दुरुस्त केली आणि १९७२ मध्ये लोकांसाठी उघडली. १९७७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचे नाव लागले. काम तिथे संपले नाही. भिजणारे लाकूड कुजते, म्हणून चाक आणि पन्हळ ठरावीक वर्षांनी नवी करावीच लागतात.

परिसरात फिरायला शुल्क नाही. आतून गिरणी पाहण्यासाठी तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर जावे लागते. दळण रोज नसते. ते हंगामात ठरावीक रविवारी आणि पाणी पुरेसे असेल तरच होते, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घेणे शहाणपणाचे. शक्य तर दळणाचाच दिवस निवडावा. थांबलेल्या गिरणीत यंत्रे दिसतात. चालत्या गिरणीत जमीन पायाखाली थरथरते आणि पिठाचा गोडसर वास जिन्यापर्यंत येतो. जवळूनच काउंटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी सुमारे ४० मैलांची पायवाट जाते. डिफिकल्ट रनच्या काठाने तिच्यावर तासभर चालले तरी ओढ्याचा उतार पायांना समजतो.

आवारातच सुमारे १९०० सालचे जुने किराणा दुकान आहे. तिथे गिरणीत दळलेले गव्हाचे पीठ, मक्याचे पीठ आणि मक्याच्या कण्या मिळतात. दगडावर दळलेल्या पिठात दाण्याचा कोंब आणि त्याचे तेल राहते. चव त्यामुळेच येते, आणि पीठ लवकर खवट होते तेही त्यामुळेच. घरी नेल्यावर ते फ्रीजमध्ये ठेवावे. मक्याचे पीठ जरा जाड असते. भाकरी करायची तर ते बारीक चाळणीने चाळून, कढत पाण्यात मळावे. चाळणीत उरलेला रवा उपम्याला चालतो.