कावळा, फांदी आणि कोयना

मन आणि शरीराचा वाद आज घ्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यात. गेल्या लेखातल्या ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’वर पाटणच्या एका वाचकांनी विचारलंय : “कोयना धरण बांधलं आणि भूकंप झाला, हेही काकतालीयच, निव्वळ योगायोगच का?” कोयनाकाठच्या पाटणहून आलेला हा प्रश्न मला थांबवून ठेवता येणार नाही.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर हादरलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. धरणात पाणी अडवायला लागून पाच-सहा वर्षंच झाली होती, आणि दख्खनचा काळा कातळ तोवर भूकंपाच्या बाबतीत निर्धोक समजला जाई. लोक म्हणाले, धरणानंच केलं. पण आधी धरण, मग भूकंप, एवढ्यावर हे सिद्ध होत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या न्यायशास्त्रात मुरले, ते इथे अन्वय आणि व्यतिरेक मागतं : एक असलं की दुसरं असतं का, आणि नसलं की नसतं का?

अन्वय मिळतो. पाणी साठू लागल्यावर लहान धक्के जाणवू लागले, मोठा नंतर आला. जलाशयाची पातळी चढण्या-उतरण्याशी धक्क्यांचा मेळ पुढेही दिसत राहिला. शेजारी चांदोलीला वारणेचं पाणी 1985पासून अडवलं गेलं, आणि 1993च्या सुमारास त्या बाजूलाही धक्के वाढले. कावळा पुन्हा पुन्हा बसतो आणि फांदी दर वेळी करकरते, तेव्हा योगायोग म्हणवत नाही.

व्यतिरेकात मात्र अडतं. धरण नसतानाही भूकंप होतात. 2001चा भूज आठवा. आणि अन्वयही सगळीकडे टिकत नाही : उजनीसारखं प्रचंड धरण भरतं, पण तिथे कोयनेसारखं घडत नाही.

इथे नैयायिकांचा ‘उपाधी’ हा विचार कामी येतो, आणि मला तो त्यांच्या साऱ्या हत्यारांत सर्वांत धारदार वाटतो. धूर दिसला तर आग आहे असं म्हणता येतं. आग आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. ‘धरण म्हणून भूकंप’ या विधानातलं ओलं सरपण म्हणजे जमिनीखाली आधीच ताणलेला भ्रंश, खडक जिथे सरकू शकतो अशी भेग. वरून पाण्याचा भार येतो, भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि साठलेला ताण सुटतो.

मग कारण कोणतं, भ्रंश की धरण? भूगर्भशास्त्रज्ञ भ्रंश सांगेल. पाटणचा माणूस धरण सांगेल, आणि माझ्या मते त्याचं म्हणणं अडाणीपणाचं नाही : अनेक अटींपैकी माणसाच्या हातात होती ती हीच.

ते सरपण तपासायला कोयना परिसरात गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ लागला, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी जुना खडक.